पिंपातील स्वर : त्याज्य वस्तूपासून वाद्यनिर्मितीचा एक विचार

वाद्य म्हणून घडविलेल्या वस्तूपासूनच वाद्य निर्माण होते असे नाही. वीणेचा भोपळा शेतात पिकतो, घटम् हा मुळात पाण्याचा घट आहे, आणि जलतरंगाचे पेले हे भोजनपात्रांचेच भाऊबंद होत. दुसऱ्या कामासाठी सिद्ध झालेली वस्तू नादासाठी उचलून घेण्याची ही प्रवृत्ती मानवाइतकीच प्राचीन असावी. परंतु एखादी वस्तू तिच्या मूळ कामातून बाद झाल्यावर, म्हणजे भंगार, केरकचरा किंवा अडगळ या सदरात जमा झाल्यावर, जेव्हा वाद्यरूप धारण करते, तेव्हा तिच्याकडे पाहण्याची दृष्टी सहसा निराळी होते. अशा वाद्याचे कौतुक होते, पण ते कारागिराच्या दारिद्र्याचे व त्याच्या युक्तीचे. त्यातील नादविषयक ज्ञानाची चौकशी क्वचितच केली जाते.

ही दृष्टी अपुरी आहे, हे दाखविण्यास वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावरील ‘स्टीलपॅन’ या वाद्यासारखे दुसरे उदाहरण नाही. तेलाच्या रिकाम्या पोलादी पिंपापासून बनणारे हे वाद्य विसाव्या शतकात जन्मले आणि त्याच शतकात प्रौढही झाले. त्यामुळे त्याच्या घडणीचे बहुतेक टप्पे इतिहासाच्या प्रकाशात आहेत. टाकून दिलेल्या वस्तूचे वाद्य अभावामुळे बनत नाही, ते कानाने व हाताने साचविलेल्या ज्ञानामुळे बनते. अभाव केवळ त्या ज्ञानाची दिशा ठरवितो. हे विधान त्या इतिहासाच्या आधारे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. त्याज्य वस्तूच्या उपयोगाचे तीन प्रकार

टाकाऊ वस्तूपासून बनलेली सर्व वाद्ये एकाच जातीची नसतात. विवेचनाच्या सोयीसाठी त्यांचे तीन वर्ग करता येतील.

पहिल्या वर्गात वस्तू जशीच्या तशी वाजविली जाते. तिचा अंगभूत नादच तेथे पुरेसा असतो. मोटारीच्या ब्रेकचे लोखंडी ड्रम सळईने वाजविणे हे याचे उदाहरण होय. त्रिनिदादमधील पोलादी वाद्यवृंदात आजही लयीचा कणा याच ‘आयर्न’ नावाच्या वाद्यावर उभा असतो. त्याच बेटावर भारतीय वंशाच्या लोकांत प्रचलित असलेला ‘दंडताल’ हाही याच वर्गातील आहे. लांब, सरळ पोलादी दांडा आणि नालेच्या आकाराचा आघातक एवढेच त्याचे स्वरूप असून, त्याचा संबंध बैलगाडीच्या व घोड्याच्या लोखंडी सामानाशी जोडला जातो.

दुसऱ्या वर्गात त्याज्य वस्तूकडून एखाद्या प्रतिष्ठित वाद्याचे अनुकरण करविले जाते. पॅराग्वे देशाची राजधानी असुन्सिऑन हिच्या सीमेवर काटेउरा नावाचे कचराक्षेत्र आहे. तेथील कचरा वेचणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना फाविओ चावेस या गृहस्थांनी २००६ पासून संगीत शिकविण्यास आरंभ केला. वाद्ये पुरेशी नव्हती, आणि खरे व्हायोलिन हे त्या वस्तीतील घरापेक्षाही मौल्यवान ठरून चोरीस जाण्याचा संभव होता. म्हणून पत्र्याचे डबे, जेवणाचे काटे, लाकडाचे तुकडे व तेलाची पिंपे यांपासून व्हायोलिन, चेलो इत्यादी वाद्ये तयार करण्यात आली. हा उपक्रम जगभर वाखाणला गेला आणि ते योग्यच आहे. परंतु वाद्यशास्त्राच्या दृष्टीने येथे नवे वाद्य निर्माण झाले नाही. चेलोची तार, तिचा स्वर, गज चालविण्याची रीत व वाजवावयाचे संगीत ही सारी पूर्वसिद्धच होती. पिंपाकडे केवळ ध्वनिपेटीचे काम आले.

तिसऱ्या वर्गात वस्तूचे रूपांतर होते. तिच्या द्रव्यात व आकारात दडलेली, मूळ उपयोगात कधीही प्रकट न झालेली शक्यता शोधून तिच्यातून पूर्वी नसलेले वाद्य घडविले जाते. काटेउरा येथील चेलोचे पिंप आणि त्रिनिदादच्या पॅनचे पिंप हे मुळात एकाच जातीचे भांडे आहे. पण पहिल्यात पिंपाची पोकळी तारेच्या नादाला साहाय्य करते, तर दुसऱ्यात पिंपाचा तळच स्वतः गातो. हा भेद पुढील विवेचनाचा पाया आहे.

२. बंदी आणि बांबू

हे रूपांतर त्रिनिदादमध्येच का घडले, याचे उत्तर तेथील सामाजिक इतिहासात शोधावे लागते. स्पेनच्या ताब्यातील या बेटावर १७८३ नंतर फ्रेंच भाषी मळेवाले आपल्या गुलामांसह येऊन स्थायिक झाले. १७९७ मध्ये बेट ब्रिटिशांनी जिंकले. लेंटच्या उपवासपर्वापूर्वी साजरा होणारा कार्निव्हल हा प्रारंभी मळेवाल्यांचा उत्सव होता. १८३८ मध्ये गुलामगिरीचा पूर्ण अंत झाल्यावर तो मुक्त झालेल्या आफ्रिकी वंशीयांनी आपलासा केला. मशाली, काठ्यांची द्वंद्वे आणि चर्मवाद्यांचा गजर ही त्याची अंगे बनली.

वसाहतीच्या सरकारला हा गजर उपद्रवकारक वाटे. १८८१ मध्ये राजधानी पोर्ट ऑफ स्पेन येथे उत्सव करणारे लोक व पोलीस यांच्यात मोठी चकमक झाली, आणि १८८४ मध्ये झालेल्या कायद्याने मशालींच्या मिरवणुका, काठ्या घेऊन जमणे आणि ढोल वाजविणे यांवर कठोर निर्बंध आले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबर रोजी सॅन फर्नांदो येथे मोहरमच्या मिरवणुकीवर गोळीबार होऊन मळ्यांवरील अनेक भारतीय मजूर मृत्यू पावले. १८४५ पासून करारबद्ध होऊन आलेल्या या मजुरांचा ताशा व आफ्रिकी वंशीयांचा ढोल हे दोन्ही नाद राज्यकर्त्यांच्या लेखी सारखेच संशयास्पद होते, हे यावरून ध्यानी येते.

चर्म गेले, पण लयीची गरज गेली नाही. ढोलाची जागा बांबूने घेतली. ‘तांबू-बांबू’ या नावाच्या या वृंदात निरनिराळ्या लांबीजाडीचे बांबू असत. सर्वांत मोठा ‘बूम’ जमिनीवर उभा आपटला जाई व खर्जाचे काम करी. दोन आखूड तुकडे टोकांशी परस्परांवर आपटून मधला आवाज निघे. बारीक बांबूवर काठीने ठोके देऊन उंच, तोडदार लय काढली जाई. त्यांच्या जोडीला बाटली व चमचा असे.

तांबू-बांबूचे महत्त्व केवळ पर्यायी वाद्य म्हणून नाही. चर्माच्या ताणावर अवलंबून असलेली उच्च-नीचता येथे कठीण द्रव्याच्या लांबीजाडीवर आली. भरतमुनींच्या वर्गीकरणाच्या भाषेत सांगावयाचे, तर अवनद्ध वाद्यांची रचना घन वाद्यांवर उतरली. पुढे पोलादाने हीच रचना वारशाने घेतली. स्टीलपॅनला इंग्रजीत पुष्कळदा ‘ड्रम’ म्हटले जात असले, तरी त्यावर चर्म नाही. नाट्यशास्त्रात घन वाद्याकडे तालाचे काम आहे, आणि येथे तेच गाऊ लागले, ही त्याची विशेषता होय.

३. डब्यापासून पिंपापर्यंत

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात बांबूच्या वृंदांत धातूच्या वस्तू शिरू लागल्या. बिस्किटांचे मोठे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या पिंपांची झाकणे, मोटारींचे सुटे भाग असे जे हाती लागेल ते वाजविले जाऊ लागले. बांबू आपटून आपटून फुटे, धातू टिकाऊ होता, आणि रस्त्यावरील गर्दीत त्याचा आवाज दूर जाई. सर्वस्वी धातूचा पहिला वृंद कोणत्या वस्तीचा, याविषयी त्रिनिदादमध्ये आजही तीव्र मतभेद आहेत. न्यूटाऊन, हेल यार्ड, लाव्हेन्टिल या सर्वांचा त्यावर हक्क सांगितला जातो. एकाच काळी, एकाच दारिद्र्यग्रस्त नगरभागात, परस्परांशी चढाओढ करणाऱ्या अनेक मंडळांत ही क्रिया चालू असल्याने एका जनकाचा शोध बहुधा निष्फळच ठरावयाचा.

येथवरचा प्रवास आपल्या पहिल्या वर्गातच मोडतो. डबा डबाच राहिला होता. निर्णायक क्षण आला तो डब्याच्या तळाला पडलेल्या पोच्यांमुळे. सतत आघात होऊन पत्रा काही ठिकाणी फुगतो, काही ठिकाणी दबतो, आणि त्या त्या जागी निराळा स्वर निघतो, ही गोष्ट वादकांच्या लक्षात आली. विन्स्टन ‘स्प्री’ सायमन या तरुण वादकाविषयी अशी कथा सांगतात की, उसना दिलेला आपला डबा पोचे पडून परत आला, तेव्हा तो ठोकून नीट करताना त्याला स्वर सापडले. कथेचे तपशील कसेही असोत, तिच्यातील तत्त्व खरे आहे. एका पत्र्यावर एकाहून अधिक स्वर स्वतंत्रपणे नांदू शकतात, हा शोध म्हणजे डब्याचे वाद्यात झालेले रूपांतर होय.

महायुद्धामुळे १९४२ ते १९४५ या वर्षांत रस्त्यावरील कार्निव्हल बंद होता. परंतु वस्त्यांच्या अंगणांत प्रयोग थांबले नाहीत. १९४५ मध्ये विजयाची वार्ता आल्यावर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या हाती काही स्वर काढू शकणारी भांडी होती. याच सुमारास सुमारे २०८ लिटरचे, म्हणजे ५५ अमेरिकी गॅलनांचे तेलाचे पिंप या कामी रूढ होऊ लागले. त्रिनिदाद हा खनिज तेलाचा प्रदेश आहे, आणि युद्धकाळात तेथे अमेरिकी आरमारी व हवाई तळ उभारले गेल्याने अशा पिंपांचा सुकाळ झाला होता.

पिंपाच्या सुकाळाइतकेच महत्त्व त्याच्या एकसारखेपणाला आहे. डबे नाना आकारांचे व नाना जाडीचे. एका डब्यावर कमावलेला अनुभव दुसऱ्यावर उपयोगी पडेलच असे नाही. पिंपाचा तळ मात्र सर्वत्र सुमारे ५७ सेंटिमीटर व्यासाचा आणि जवळजवळ सारख्याच जाडीचा असतो. एकाने केलेला प्रयोग दुसऱ्याला पडताळून पाहता येऊ लागला, चूक ओळखता येऊ लागली, आणि कौशल्य शिकविण्याजोगे झाले. औद्योगिक व्यवस्थेने टाकून दिलेल्या भांड्याबरोबर त्या व्यवस्थेचे प्रमाणीकरणही या कारागिरांच्या पदरात पडले. त्याज्य वस्तूंच्या वाद्यांचा विचार करताना ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते. भंगार केवळ पुष्कळ असून भागत नाही, परंपरा निर्माण होण्यास ते एकरूपही असावे लागते.

४. पिंपाचे पॅन कसे होते

प्रारंभीच्या भांड्यांचा तळ बाहेर फुगविलेला असे. एली मॅनेट (१९२७–२०१८) या कारागिराने तो आत खोल दाबण्याची रीत प्रचारात आणल्याचे मानले जाते. काठीच्या टोकाला रबर गुंडाळण्याची पद्धतही त्याच्याच नावावर आहे. खोल केल्याने पत्र्याचे क्षेत्रफळ वाढते व त्यावर अधिक स्वर मावतात. आजही वाद्य घडविण्याचा क्रम या तत्त्वावरच उभा आहे.

प्रथम पिंप उपडे ठेवून त्याचा तळ घणाने किंवा लोखंडी गोळ्याने मध्यापासून कडेकडे ठोकत खोलगट केला जातो. उंच स्वरांच्या ‘टेनर’ पॅनसाठी ही खोली सुमारे २० सेंटिमीटर असते, आणि खर्जाच्या पॅनसाठी बरीच कमी. मूळचा एक ते सव्वा मिलिमीटर जाडीचा पत्रा या क्रियेत ताणला जाऊन मध्यभागी पातळ होतो. मध्ये उंच स्वर व कडेला खालचे स्वर ही मांडणी या पातळपणाशी जुळती आहे. त्यानंतर स्वरांची क्षेत्रे आखली जातात, त्यांच्यामधील पत्रा ठोकून सारखा केला जातो, व बोथट पंचाने प्रत्येक क्षेत्राभोवती ठिपक्यांची रेघ उमटविली जाते. ही रेघ एका क्षेत्राचे कंपन दुसऱ्यात वाहून जाण्यास काही अंशी अडथळा करते.

मग पिंपाची बाजू आवश्यक त्या लांबीवर कापतात. टेनरची बाजू जेमतेम वीतभर राहते, तर खर्जाच्या पॅनसाठी पिंप जवळजवळ पूर्ण ठेवतात. यानंतर येते ती अग्निक्रिया. ठोकण्याने पत्र्यात उत्पन्न झालेले अंतर्गत ताण तापविण्याने शमतात व पोलाद काहीसे कठीण बनते. पूर्वी हा अग्नी जुन्या टायरांचा असे. तापमान डोळ्यांनी, पत्र्यावर चढणाऱ्या रंगावरून ओळखले जाई. शेवटी सर्वांत सूक्ष्म काम, म्हणजे स्वर लावणे. कारागीर क्षेत्राला खालून ठोकून फुगवितो, वरून हलके दाबतो, ऐकतो, पुन्हा ठोकतो. मुलामा दिल्यावर स्वर हलतात, म्हणून ते पुन्हा मिळवावे लागतात. या साऱ्या कामात कानाला बसणारे आघात व टायरांचा धूर यांचे मोल कारागिरांनी आपल्या शरीराने दिले आहे, हेही नोंदविणे अगत्याचे आहे.

५. स्वयंभू स्वरांची जुळणी

येथवर वर्णिलेली क्रिया कसबी लोहारकामासारखी वाटेल. तिच्यातील नादविषयक ज्ञान स्पष्ट व्हावे म्हणून ध्वनिशास्त्राचा एक प्रश्न ध्यानी घेतला पाहिजे.

ताणलेली तार छेडली असता मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वयंभू स्वर निघतात. ही पूर्णांकांची गुणोत्तरे असल्यामुळे कानाला एकच गोड स्वर ऐकू येतो. पातळ पत्रा किंवा चर्म यांची गोष्ट तशी नाही. त्यांच्या निरनिराळ्या कंपनप्रकारांत असे सरळ गुणोत्तर निसर्गतः नसते, आणि म्हणून थाळीवर ठोका दिला तर खणखणाट होतो, निश्चित स्वर लागत नाही. तबला व मृदंग यांत या अडचणीवर शाईने मात केली आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले की, शाईच्या भारामुळे चर्माचे कंपनप्रकार पूर्णांकी गुणोत्तरांत येतात. भारतीय पुडी बनविणाऱ्याने वाढत्या थरांच्या लेपाने जे साधले, तेच त्रिनिदादच्या कारागिराने हातोड्याने साधले आहे. येथे भार टाकावयाचा नसून वक्रता बदलावयाची असते.

पॅनवरील प्रत्येक स्वरक्षेत्र साधारणतः लंबवर्तुळाकार व किंचित फुगीर असते. ते संपूर्ण वरखाली होते, तेव्हा मूळ स्वर निघतो. लांबीच्या दिशेने त्याचे दोन भाग होऊन ते आळीपाळीने वरखाली होतात, तेव्हा दुसरा कंपनप्रकार सिद्ध होतो. रुंदीच्या दिशेने तसेच झाले, की तिसरा. कुशल कारागीर फुगवट्याची उंची व कडेचा ताण यांत अल्पसा फेर करीत दुसरा प्रकार मूळ स्वराच्या बरोबर दुप्पट, म्हणजे तार सप्तकातील त्याच स्वरावर आणतो, आणि तिसराही बहुधा तिप्पट किंवा चौपट असा मिळवितो. हे सप्तकाचे मेळ जाणीवपूर्वक घडवून आणण्याचे श्रेय विशेषतः बर्टी मार्शल (१९३६–२०१२) या कारागिराकडे, त्याच्या १९५० च्या दशकातील कामामुळे जाते.

यापुढची गोष्ट अधिक लक्षणीय आहे. क्षेत्राच्या बरोबर मध्यावर ठोका दिला असता दुसरा कंपनप्रकार उत्पन्नच होऊ नये, कारण त्या प्रकारात मध्यरेषा स्थिर असते. तथापि प्रत्यक्षात ठोका दिल्यावर क्षणार्धात तार सप्तकाचा स्वर उमलून येताना ऐकू येतो. याचे कारण फुगीर पत्र्याच्या स्वभावात आहे. तो आत जितका सहज दबतो, तितका सहज बाहेर येत नाही, आणि या विषमतेमुळे मूळ कंपनाच्या दुप्पट गतीचा एक प्रेरक जोर आपोआप निर्माण होतो. दुसरा कंपनप्रकार बरोबर दुप्पटीवर मिळविलेला असेल, तरच तो या जोराने जागा होतो. थोडा जरी ढळला असला, तर तो निद्रिस्त राहतो व स्वर मुका वाटतो. थॉमस रॉसिंग या भौतिकशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून आणि सेंट ऑगस्टिन येथील वेस्ट इंडीज विद्यापीठातील अँथनी अचाँग यांच्या सैद्धांतिक लेखनातून ही उपपत्ती स्पष्ट झाली. पॅनचा तो ओळखीचा, उमलत जाणारा नाद म्हणजे याच ऊर्जासंक्रमणाचा श्राव्य परिणाम होय.

अचाँग यांचा या विषयावरील ग्रंथ २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कारागिरांनी त्याच्या अर्धशतकाहून अधिक आधी हे गुणोत्तर हातोड्याने साधले होते. त्यांना समीकरण ठाऊक नव्हते, पण कोणत्या ठोक्याने कोणता कंपनप्रकार हलतो हे ठाऊक होते. यास युक्ती म्हणणे पुरेसे नाही. हे पडताळलेले, सुधारलेले व शिष्याला देण्याजोगे ज्ञान आहे.

६. मांडणीचा प्रश्न

स्वर लागले तरी ते पत्र्यावर कोठे बसवावयाचे, हा स्वतंत्र प्रश्न होता. १९४० च्या दशकात प्रत्येक मंडळाची मांडणी निराळी असे, आणि अनेक पॅनांवर सप्तकातील सर्व बारा स्वर नसत. १९५१ मध्ये लंडन येथील ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’साठी निरनिराळ्या मंडळांतील निवडक वादकांचा ‘टॅस्पो’ हा वृंद पाठविण्यात आला, तेव्हा त्याचे मार्गदर्शक लेफ्टनंट जोसेफ ग्रिफिथ यांनी बाराही स्वरांचा आग्रह धरला. ग्रिफिथ हे पोलीस वाद्यवृंदाचे अनुभवी संचालक होते. खर्जाचे मोठे स्वर एका पिंपावर मावत नसतील तर एकाहून अधिक पिंपे घ्यावीत, हा विचार त्यांच्या आग्रहामुळे दृढ झाला. आज खर्जाच्या संचात सहा किंवा अधिक पिंपे असून प्रत्येकावर सामान्यतः तीनच स्वर असतात, आणि एकच वादक ती सर्व वाजवितो.

या वृंदाचे सभासद असलेले अँथनी विल्यम्स (१९३१–२०२१) यांनी पुढे टेनर पॅनसाठी जी मांडणी सिद्ध केली, ती भारतीय संगीताच्या अभ्यासकास विशेष रोचक वाटेल. तिच्यात शेजारी शेजारी येणारे स्वर क्रमाने नसून षड्ज-पंचम व षड्ज-मध्यम संवादाने बांधलेले असतात. बाहेरच्या वर्तुळात बारा स्वर या संवादाने फिरतात, आतील वर्तुळात त्यांचेच तार सप्तकातील स्वर त्यांच्यासमोर येतात, आणि मध्यभागी आणखी उंच असे मोजके स्वर असतात. एकाच पत्र्यावरील क्षेत्रांचे कंपन शेजारच्या क्षेत्रात थोडेबहुत शिरणारच. शेजारी विसंवादी असेल तर त्यामुळे नाद गढूळ होतो, संवादी असेल तर पुष्ट होतो. पत्र्याचा जो दोष टाळता येत नाही, तोच या मांडणीने गुणात परिवर्तित केला आहे.

७. प्रतिष्ठा आणि त्याज्यतेचा अंत

१९४० व १९५० च्या दशकांत पॅन वाजविणारा तरुण हा गुंड समजला जाई. मंडळांमधील मारामाऱ्या खऱ्याच होत्या, परंतु पोलिसी कारवाईचा व सभ्य समाजाच्या तिरस्काराचा रोख पुष्कळदा वाद्यावरच असे. ते कचऱ्यातून आले होते, आणि ज्या वस्त्यांतून आले त्यांकडेही त्याच दृष्टीने पाहिले जाई. १९६३ मध्ये ‘पॅनोरामा’ ही राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. पहिली दोन विजेतेपदे विल्यम्स यांच्या ‘नॉर्थ स्टार्स’ मंडळाने मिळविली. पुढे भारतीय वंशाचे संगीतसंयोजक जित सामारू (१९५०–२०१६) यांनी ‘रेनिगेड्स’ या मंडळास नऊ वेळा अजिंक्यपद मिळवून दिले. १९९२ मध्ये पॅनला राष्ट्रीय वाद्य म्हणून घोषित करण्यात आले. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन ठरविला, आणि २०२४ मध्ये देशाच्या राजचिन्हातील कोलंबसच्या जहाजांच्या जागी हे वाद्य आणण्याचा निर्णय जाहीर झाला.

या प्रवासात आणखी एक बदल घडला. वाद्याची अपेक्षा वाढली, तशी वापरलेल्या पिंपाची उणीव जाणवू लागली. गंजलेला, पोचे पडलेला किंवा आत रसायनांचा अंश राहिलेला पत्रा सूक्ष्म जुळणीस योग्य नसतो. म्हणून चांगले कारागीर नवी, न वापरलेली पिंपे घेऊ लागले. २००७ मध्ये प्रकाशात आलेल्या ‘जी-पॅन’ या सुधारित वाद्यासाठी तर पिंपाचा आकारच सोडून देऊन स्वतंत्र, अधिक मोठ्या व्यासाची पोलादी कटोरी घडविण्यात आली. ज्या वाद्याची ओळखच भंगार अशी होती, ते भंगारावाचून अधिक चांगले वाजते, हे येथे सिद्ध झाले. टाकाऊपणा हा पॅनचा गुणधर्म नव्हता, तो केवळ त्याच्या जन्माचा प्रसंग होता.

८. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. त्याज्य वस्तूला वाद्याकडे खेचणारी प्रेरणा केवळ दारिद्र्यात नसते. त्रिनिदादमध्ये ती एका दडपल्या गेलेल्या लयीच्या गरजेत होती. त्या प्रेरणेचे परंपरेत रूपांतर होण्यास विपुल व एकरूप द्रव्य लागते, आणि पिंपाने ते पुरविले. परंतु द्रव्य व प्रेरणा दोन्ही असूनही पत्र्याचा खणखणाटच राहिला असता, जर कंपनप्रकारांना पूर्णांकी गुणोत्तरात आणण्याचे ज्ञान पिढीभराच्या श्रवणाने साध्य झाले नसते.

याचा परिणाम वाद्यांच्या नोंदीवरही व्हावयास हवा. वस्तुसंग्रहालयाच्या सूचीत ‘द्रव्य : तेलाचे जुने पिंप’ एवढी नोंद पॅनविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. खोली किती, क्षेत्रांची मांडणी कोणती, अग्निक्रिया केव्हा व किती वेळ, दुसरा व तिसरा कंपनप्रकार कोणत्या स्वरावर, स्वर लावणारा कोण व तो कोणाजवळ शिकला, ही माहिती असेल तरच वाद्य नोंदले गेले असे म्हणता येईल. मॅनेट यांनी उत्तरायुष्यात वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात हे शिल्प शिकविले, म्हणून त्यांचे हस्तकौशल्य शिष्यांच्या हाती उतरले. इतर कित्येक कारागिरांचे ज्ञान मात्र त्यांच्याबरोबरच गेले.

महाराष्ट्रातील अभ्यासकांस हीच कसोटी घरच्या वाद्यांना लावता येईल. तुणतुण्याचे नळकांडे लाकडाचे आहे की पत्र्याचे, एवढी नोंद वर्णनात सहज होते. पण पत्र्याचे नळकांडे घेतल्यावर कारागिराने चर्माच्या ताणात, तारेच्या जाडीत किंवा नळकांड्याच्या लांबीत कोणता फेर केला व का केला, हे त्याला विचारून लिहून ठेवले पाहिजे. असा फेर जेथे आढळेल, तेथे डबा हा नाइलाज नसून निवड आहे असे मानण्यास आधार मिळेल, आणि तो शोधण्याचे काम प्रयोगशाळेइतकेच वाद्य बनविणाऱ्याच्या अंगणात करावे लागेल.